वळणावरचा कोहळा

कोहळे आले. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाईने चार दिवसांपूर्वी सकाळीच फुटपाथवर त्यांची रास लावली. शेजारी केळीचे कोवळे खुंट, आंब्याचे डहाळे, चुरमुऱ्यांची पोती आणि लिंबांचा ढीग. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, जवळ आली की चेन्नईचे फुटपाथ असे भरून जातात आणि चालणारी माणसं रस्त्यावर उतरतात. रस्त्यावरची वाहनं मग माणसांवर खेकसतात. मी पिशवी सावरत त्या राशीला वळसा घातला. बाई ओळखीची आहे. तिने नेहमीच्या सवयीने एका कोहळ्यावर टिचकी मारली आणि 'घेणार का' अशा अर्थाने भुवया उडवल्या. मी मान हलवली आणि पुढे निघाले. माझ्या कपाळावरची आठी तिला दिसली असणार.

हा महिना मला पूर्वी फार आवडायचा. माझ्या बँकेतल्या बदलीने आम्ही या शहरात आलो तेव्हा पहिली ओळख झाली ती इथल्या उन्हाशी, आणि त्या उन्हाचा मुक्काम हलतो तो नवरात्राच्या सुमाराला. दुपारी समुद्राकडून ढग सरकतात, संध्याकाळी जरा वारं सुटतं. अड्यारच्या आमच्या गल्लीत घराघरांतून गोलू मांडलेले असतात, पायऱ्यापायऱ्यांवर मातीच्या बाहुल्या, समोर समई. बायका रेशमी साड्या नेसून या घरातून त्या घरात जातात. हातात सुंडलचा द्रोण मिळतो, वाफवलेले हरभरे, वर ओलं खोबरं आणि कढीपत्त्याची फोडणी. मी मिरजेची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. हादगा, भोंडला आणि खिरापत यांच्या जागी हा गोलू मी कधी बसवला ते मला कळलंसुद्धा नाही. त्या द्रोणाचा वास आला की अजूनही मन पाघळतं. पण तोच द्रोण पुढच्या पाच मिनिटांत जिन्याखाली, गटाराच्या झाकणावर नाहीतर कुणाच्या तरी कुंडीत पडलेला दिसतो. देवीचा प्रसाद खाल्ला, द्रोण टाकला, हात पुसले, झालं. मी एकदा एका रेशमी साडीला हटकलं होतं. ती गोड हसली आणि म्हणाली, "केळीचं पानच आहे ना आंटी, माती होईल." गटाराच्या झाकणावर कशाची माती होते ते मी विचारलं नाही.

मुकुंदने विचारलं असतं. मुकुंद म्हणजे माझा नवरा. सरकारी कारखान्यात इंजिनीअर होता आणि निवृत्त झाल्यावरही गावभर इंजिनीअरच राहिला. रस्त्यात उघडं मॅनहोल दिसलं की तिथे झाडाची फांदी रोवून उभा राहणारा माणूस. त्याचा शर्ट धुवायला टाकताना मला खिसे तपासावे लागत. बसची तिकिटं, शेंगदाण्याच्या पुड्यांचे कागद, गोळ्यांची वेष्टनं, एकदा तर आईस्क्रीमची चिकट काडी. कचराकुंडी दिसेपर्यंत सगळं खिशात. बऱ्याचदा कुंडी दिसायचीच नाही आणि तो सगळा माल माझ्या वॉशिंग मशीनपर्यंत यायचा. मी चिडायचे. "शहराचा कचरा माझ्या घरात कशाला आणतोस?" तो शांतपणे म्हणायचा, "मग तो माझाच आहे ना. मीच खाल्लंय." मी काडी खरवडत बसायचे आणि मनातून माणसाचा अभिमान वाटायचा. तसं तोंडावर मात्र कधी बोलून दाखवलं नाही.

परवा त्याचे जुने शर्ट काढले. सगळ्यांचे खिसे रिकामे होते.

दोन वर्षांपूर्वीचं ते नवरात्र मला क्रमाने आठवत नाही, तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सगळ्यात आधी आठवतो तो आवाज. कोहळा आपटला की आवाज मोठा होत नाही. नारळासारखा कडाड फुटत नाही तो. ओला, जड, धप्प असा बसतो आणि मग पाणी सांडल्यासारखं काहीतरी पसरतं. आमच्या इमारतीत दरवर्षी पूजा असते. मोटर, जनरेटर, सगळ्यांच्या गाड्या, सगळ्यांना गंध लागतं. चाकांखाली लिंबं ठेवतात. मग कोहळ्याला वरून भोक पाडतात, आत कुंकू भरतात, वर कापूर पेटवतात. आमचा वॉचमन मुरुगेसन तो कोहळा दोन्ही हातांनी उचलून इमारतीवरून, गाड्यांवरून, जमलेल्या माणसांवरून ओवाळतो. ज्याला कुणाची नजर लागली असेल, ज्याच्या मागे काही लागलं असेल, ते सगळं त्या कोहळ्यात जातं. मग तो गेटबाहेर जातो आणि रस्त्यावर आपटतो.

गेटबाहेर का, हे मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. उत्तर दिलं ते आमच्या शेजारच्या कमलाबाईंनी. त्या तंजावरच्या मराठी. त्यांच्या घराण्याला तिकडे जाऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचं मराठी जुनं, हेल तमिळ. म्हणाल्या, "आंत फोडावें तर दृष्टि आंतच राहील हो, सुनंदाबाई. बाहेर टाकावी. मग घरांत याया मार्गच नाहीं तिला." मी म्हटलं, "मग बाहेरच्यांचं काय?" त्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं, लहान मुलीकडे बघावं तसं. "बाहेर कोण आहे? बाहेर तर रस्ता आहे, रस्ता."

बाहेर फक्त रस्ता आहे. या शहरात, या देशात, घराच्या उंबऱ्यापलीकडे कुणीच राहत नाही.

कोहळा फुटला की एक नियम असतो. 'तिरुंबी पार्क्कादींग', मागे वळून बघू नका. सेक्रेटरी मोठ्याने ओरडतात, मुरुगेसन पाठ फिरवतो, आणि आम्ही सगळे, डॉक्टर, वकील, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, एका ओळीत माना ताठ ठेवून आत जातो. गेट लागतं. फुटलेल्या कोहळ्याला घरातल्या कुणी हात लावायचा नसतो, नाहीतर उतरलेलं सगळं त्याला चिकटतं. म्हणजे झाडायचंही नाही. रस्त्यावर पांढरा गर, लाल कुंकू, बिया आणि बुळबुळीत पाणी पसरलेलं. आमच्या गेटसमोर रस्त्याला वळण आहे. इमारत वळणावर, गेट वळणावर, म्हणून कोहळाही वळणावर. समोरच्या इमारतीचाही तिथेच, कारण वळण तिठ्यासारखं आणि तिठा उताऱ्याला चांगला. दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी. झाडणाऱ्या बायका उशिरा येतात. त्या येतात, खराट्याने ते सगळं गोळा करतात, हातांनी पाटीत भरतात. त्यांना कुणाची दृष्ट लागते का, असा प्रश्न आमच्या इमारतीत अजून कुणी विचारलेला नाही.

मला काही तमिळ माणसांना नावं ठेवायची नाहीत. तो मान आपला सगळ्यांचा आहे. मिरजेला धाकटीला ताप आला की आई मीठमोहऱ्या ओवाळायची आणि पदराआड मूठ धरून तिठ्यावर टाकून यायची. लिंबू, कधी भाकरीचा तुकडा, त्यावर हळदकुंकू. परत येताना तीही मागे बघायची नाही. आम्हा मुलांना दम होता, तिठ्यावरचं काही ओलांडायचं नाही, ओलांडेल त्याला लागतं. मी एकदा विचारलं, "मग ज्याला लागेल त्याचं काय?" आई धाकटीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. डोळ्यांत रात्रीची जागरणं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपल्याला काय करायचंय?" तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. तिच्या मांडीवर तापलेलं पोर होतं आणि तिला फक्त ते पोर दिसत होतं. म्हणूनच ते वाक्य इतक्या वर्षांनी मला जास्त भिववतं. दुष्ट माणसं रस्ते घाण करत नाहीत. आपापल्या पोरांवर जीव असलेली माणसं करतात.

आणि दसऱ्याला आपण वाटतो ती आपट्याची पानं? 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.' दुसऱ्या दिवशी सोनं कुठे असतं, ते मिरजेच्या कुठल्याही गटाराला विचारावं.

तर ती विजयादशमीची सकाळ. पहाटे थोडा शिडकावा होऊन गेला होता. मला दाराला तोरण करायचं होतं, त्यासाठी झेंडू हवा होता. मुकुंद म्हणाला, "पाच मिनिटांत आणतो." आदल्या संध्याकाळी त्याच्या स्कूटरचीही पूजा झाली होती. हँडलला हार, हेडलाइटला गंध, चाकाखाली लिंबू चिरडलेलं. तिच्याइतकी सुरक्षित स्कूटर त्या दिवशी अख्ख्या अड्यारमध्ये नव्हती. मी बाल्कनीत उभी होते. आमचं घर पहिल्या मजल्यावर, बाल्कनी थेट वळणावर. तो गेटमधून बाहेर पडला, वळणावर स्कूटर थोडी कलली आणि मग ती नुसती निघून गेली. त्याच्याखालून. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. तो कुशीवर पडलेला, पांढऱ्या पँटवर लाल लाल. मी खाली धावले आणि त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसले, तर माझे हातही लाल झाले. किती कुंकू आणि किती रक्त, हे मला कळेना. बहुतेक कुंकूच होतं. हाड आत मोडलं होतं.

लोक जमले. सगळे आमच्याच इमारतीतले. आणि ते फुटपाथवर उभे राहिले. मला आधी वाटलं, घाबरलेत. मग लक्षात आलं, ते त्या गराच्या कडेला उभे होते, ओलांडत नव्हते. मुरुगेसन पुढे होऊ की नको अशा अवस्थेत एक पाय उचलून होता. शेवटी आमचा मुलगा आदित्य जिन्यावरून धडधडत आला, त्या चिखलात सरळ पाय रोवून त्याने बापाला उचललं. मग बाकीच्यांनीही हात दिला, पण आदित्यने त्याला कोरड्या जागी आणल्यावर.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने पँटवरचे डाग बघितले आणि मान डोलावली. "आयुधपूजा?" त्याने विचारलं. "या दोन दिवसांत येतातच." इतक्या सहज, जणू पावसाळ्यात सर्दी होतेच. खुब्यात रॉड घातला. पाय थोडा आखूड झाला. मुकुंद वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतो आणि जिना उतरत नाही. उतरता येतं. फिजिओथेरपिस्टने उतरवून दाखवलंय. पण तो उतरत नाही.

पायाचं एकवेळ मी सोसलं असतं. साठी ओलांडल्यावर हाडं मोडतात, माणसं काठ्या घेतात, जगतात. माझा जीव तुटतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने एकच सांगितलं. कमलाबाई रोज रसम घेऊन यायच्या आणि कॉटशेजारी बसून म्हणायच्या, "मुकुंदराव, तुम्हीं ओलांडलें हो तें. सगळ्या बिल्डिंगीची दृष्टि तुमच्यावर आली. भय धरूं नका, पण दृष्टि काढाया होणा, काढावीच लागेल." सेक्रेटरी आले, द्राक्षं आणली, म्हणाले, "सर, नेक्स्ट इयर आपण मोठा कोहळा घेऊ." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या कोहळ्यावरून माणूस घसरला, त्यावर उपाय मोठा कोहळा. मी म्हटलं, "सर, लहानच घ्या, पण झाडून टाका." ते समजूतदारपणे हसले. "मॅडम, रस्ता कॉर्पोरेशनचा आहे." फोडताना मात्र तो आमचा होता.

मुकुंद तेव्हा डोळे मिटून पडायचा. मला वाटायचं, तो मनातल्या मनात या सगळ्यांना हसतोय. उठेल, चष्मा लावेल आणि म्हणेल, 'सेक्रेटरी, गराचं घर्षण किती असतं माहीत आहे का?' तो उठला, चष्मा लावला आणि मला विचारलं, "सुनंदा, मी खरंच ओलांडलं का गं ते? की बाजूने गेलो?"

त्या दिवसापासून हा दुसरा माणूस माझ्या घरात राहतो. त्याने वॉकरला लिंबूमिरची बांधून घेतली. दर शनिवारी नवी. जुनी तो बाल्कनीतून खाली टाकतो, आणि टाकताना मान आत वळवलेली असते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी हातातलं भांडं ठेवून दिलं. "मुकुंद, ती माणसाच्या डोक्यावर पडेल." तो म्हणाला, "घरात ठेवायची नसते." "मग मला दे, मी ओल्या कचऱ्यात टाकते." त्याने मूठ घट्ट केली. "तू हात लावू नकोस. तुला काही झालं तर?" यात प्रेम होतं, हे मला कळतं. आईच्या आवाजात होतं तेच. पण शेंगदाण्याचा कागद घरापर्यंत आणणाऱ्या त्या वेड्या माणसाला मी कुठे शोधू? माझं सगळं भांडण तेवढ्यासाठी आहे. मला तो माणूस परत हवा आहे.

आदित्य इरुंगाट्टुकोट्टैला एका सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो. तिथेही कोहळे फुटतात, मोठ्या मशीनमागे एक. मी त्याला गेल्या वर्षी विचारलं, "तुमच्याकडे कुणी घसरत नाही?" तो हसला. "आई, आमच्याकडे गेटच्या आत फोडतात, सिमेंटच्या हौदात. आणि लगेच धुतात. फोर्कलिफ्ट घसरला तर माल अडकेल ना." म्हणजे दृष्ट आत ठेवता येते. देवही रागवत नाही. फक्त माल अडकायला पाहिजे. माणूस अडकला तर चालतं.

या वर्षी मी असोसिएशनच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, आपणही गेटच्या आत, एका घमेल्यात फोडू, आणि लगेच भरून टाकू. सगळ्यांनी स्वच्छतेवर फार सुंदर भाषणं केली. एकाने परदेशातले रस्ते सांगितले. एकाने सरकारला शिव्या दिल्या. 'आपली गल्ली स्वच्छ ठेवा' असा फलक गेटवर लावायचं एकमताने ठरलं, आणि तो दुसऱ्याच दिवशी लागलासुद्धा, तीन भाषांत. घमेल्याचं नाव काढल्यावर मात्र सगळे खुर्च्यांवर हलले. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आत फोडला आणि कुणाला काही झालं, तर जबाबदारी कोण घेणार?" मी म्हटलं, "बाहेर फोडल्यावर झालं, ती कुणी घेतली?" एक गृहस्थ घड्याळ बघू लागले. मग चहा आला. कागदी कप बैठकीनंतर खुर्च्यांखाली होते.

काल आयुधपूजा झाली.

दुपारी मुकुंदने मला हाक मारली. "सुनंदा, माझ्यासाठी एक वेगळा कोहळा आण. कमलाबाई म्हणतात, एकदा स्वतंत्र काढली की जाईल." मी उभीच राहिले. त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला रागावता येईना. म्हटलं, "आणते. पण तुला खाली यावं लागेल. तू जिना उतर, मी ओवाळते." मला वाटलं, कोहळ्याच्या निमित्ताने का होईना, उतरेल. "नको," तो म्हणाला. "इथेच ओवाळ. आणि बाहेरच फोड, वळणावर. आत नको."

मी कोपऱ्यावर गेले. भाजीवालीने एक लहानसा कोहळा निवडून दिला. परत आले, भोक पाडलं, कुंकू भरलं, कापूर लावला. तो खुर्चीत डोळे मिटून बसला होता, पाय स्टुलावर, हात जोडलेले. हाच माणूस कधीकाळी देवळातही हात पाठीशी बांधून खांबांचं बांधकाम बघत फिरायचा. मी ओवाळला. खरं सांगते, मनापासून ओवाळला. म्हटलं, जे काही याला लागलंय ते जाऊ दे बाबा, आणि माझा नवरा मला दे.

खाली इमारतीची पूजा नुकतीच आटोपली होती. मुरुगेसनने मोठा कोहळा वळणावर आपटला होता, फलकाच्या बरोबर खाली, आणि सगळे माना ताठ करून आत निघाले होते. दिवेलागणीची वेळ. मी उलट बाहेर निघाले. मी हातातला कोहळा गेटच्या आत, नळाजवळच्या घमेल्यात फोडला. हलकेच, काठावर आपटून. मग खराटा, सुपली आणि बादली घेऊन वळणावर गेले आणि तो सगळा पसारा झाडायला लागले. बिया, गर, सालं. हाताने भरलं, पाणी ओतलं, वर वाळू टाकली. आत चाललेले काहीजण थांबले. नियम मोडून वळून बघत होते. कमलाबाई फक्त कुजबुजल्या, "अय्यो, सुनंदाबाई!" आणि पदर तोंडाशी नेला. तो रस्त्याचा तुकडा स्वच्छ झाला. दोन पावलं रुंद, चार पावलं लांब असेल नसेल. मला त्या तुकड्याकडे बघून रडू आलं. इतकंच तर होतं काम.

वर आले. चहा टाकला, दोन कप भरले आणि बाल्कनीत गेले. मुकुंदने सगळं बघितलं होतं. मी कप पुढे केला तर त्याने हात मागे घेतला. अगदी थोडा. "आधी अंघोळ कर," तो म्हणाला. "तू सगळ्यांचं अंगावर घेतलंयस." वळणावर पडलेल्या माणसाला वळणाची भीती वाटत नव्हती. त्याला माझ्या हातांची वाटत होती. मी कप कठड्यावर ठेवला आणि न्हाणीघरात गेले.

पाणी अंगावर घेत होते आणि तो आवाज आला. धप्प.

तशीच साडी गुंडाळून ओल्या केसांनी बाहेर आले. मुकुंदच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान होतं. हातात चहाचा कप. माझ्याकडे बघून हसला, आधीसारखा. "मुरुगेसनला वरून सांगितलं," तो म्हणाला. "कमलाबाईंकडे एक जास्तीचा होता. बाल्कनीखाली उभं राहून माझ्यावरून ओवाळला त्याने. आत्ता बाहेर फोडला बघ. तू आत फोडलास ना, मला चैन पडेना. आता बरं वाटतंय." मी कठड्यावरून वाकून बघितलं. माझ्या झाडलेल्या तुकड्यावर, बरोबर मध्यभागी, पांढरं आणि लाल पसरलं होतं. जागा स्वच्छ होती, म्हणून तिथेच.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आदित्यचा मेसेज. कारखान्यातली पूजा उरकून तो कंपनीच्या बसने आला होता, थांब्यावर ठेवलेली बाईक घेतली होती, पोचतोच म्हणत होता. थांबा काही लांब नाही.

मी अनवाणी पळाले. जिन्यात खराटा भिंतीला टेकलेला होता, तो उचलला. गेट ढकलून बाहेर आले तर वळणावर त्याच्या बाईकचा दिवा आलाच होता. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहिले, खराटा आडवा धरला आणि ओरडले, "थांब! हळू!" त्याने ब्रेक लावला. मागचं चाक थोडं सरकलं आणि थांबलं, गरापासून हातभर अंतरावर. त्याने हेल्मेटची काच वर केली. "आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

वरून मुकुंदचा आवाज आला. तो उभा राहिला होता. वॉकर सोडून, कठड्याला धरून, दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या दोन पायांवर. जीव ओतून ओरडत होता.

"आदित्य, ओलांडू नकोस रे ते! कडेने ये, राजा, कडेने!"

आदित्यने बाईकवरून उतरून ती ढकलत कडेने नेली. गेटपाशी जाऊन त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या पसाऱ्याकडे, मग वर बापाकडे, आणि आत गेला. मागून एक रिक्षा भोंगा वाजवत येत होती, तिच्यामागे दोघी मुली स्कूटरवर. मी खराटा टेकवला आणि वाकले.

"अगं, तूही ये आता वर," मुकुंद म्हणाला. आवाजात काळजी होती, माया होती. "तो आला ना नीट? मग झालं. बघू नकोस तिकडे."